पहिल्या ओळीचा शब्द

आमच्या काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. एरवी हे श्रीगोंदे तालुक्यातले, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे एक साधेसुधे गाव. परंतु शनिवारी पहाटेपासून त्याचे रूप पालटते. लांबलांबून टेम्पो येऊन उभे राहतात, दावणी भरतात, धूळ उडू लागते. लहानपणी मी आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, बोट धरून या बाजारात पुष्कळ हिंडलो आहे. तिथली एक गोष्ट त्या वयात मला फार गूढ वाटे. दोन माणसे समोरासमोर उभी राहत. एकजण खांद्यावरचे उपरणे दोघांच्याही हातांवर टाकी आणि त्या उपरण्याखाली बोटांचे काहीतरी चाले. तोंडाने मात्र पावसापाण्याच्या गप्पा! मधूनच एकजण हात झटकी, पाठ फिरवून चार पावले चालू लागे, पुन्हा परत येई, पुन्हा हात उपरण्याखाली. शेवटी दोघेही हसत, आणि बैलाचे दावे एका हातातून दुसऱ्या हातात जाई.

'आबा, काय बोलले ते?' मी विचारी.

'किंमत.'

'मग मोठ्यानं का नाही बोलत?'

'ज्याला कळायचं त्याला कळलं. बाकीच्यांना कशाला?'

सौदा झाला की आबा पावती करायला जात. तिथे मात्र सारा कारभार उघडा. बैलाचा रंग, वय, शिंगांची ठेवण, अंगावरची खूण, रक्कम आकडी आणि अक्षरी. आबा लिहिणाऱ्याच्या शेजारी उभे राहून शब्द न् शब्द वाचून घेत. एकदा उन्हाने कंटाळून मी म्हटले, 'बोटांनी ठरलं ना सगळं? मग हे कशाला?' तेव्हा आबा म्हणाले, 'बोटं आपल्या दोघांसाठी. कागद तिसऱ्यासाठी. तो इथं नव्हता.'

या वाक्याचा अर्थ मला कळायला पन्नास वर्षे लागली, आणि तो कळला एका म्हशीमुळे.

मी पुण्यात संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यात उभे आयुष्य घालवले आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन राहिलो. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून काष्टीजवळच्या एका गावातल्या दूध संकलन केंद्राला मी हिशेबाचा एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. दूध किती, फॅट किती, एसएनएफ किती, त्यावरून लिटरला दर किती, आणि दर दहा दिवसांनी, म्हणजे दसवड्याला, कोणाचे किती देणे, एवढेच त्याचे काम. दोन वर्षे तो नीट चालला. गेल्या वर्षी केंद्रातला संगणक एकाएकी बसला. कॉलेजात शिकणाऱ्या गावातल्याच एका मुलाने दुसरा, पण जुनाच संगणक मिळवला, त्यावर लिनक्स घातले आणि मी पाठवलेल्या कृतीप्रमाणे माझा प्रोग्राम त्यावर बांधून बसवला. मला त्याचा फोन आला, 'काका, झालं. एकदाही अडलं नाही.' मी त्याला शाबासकी दिली.

दोन दसवडे उलटल्यावर एके दिवशी दुपारी एक म्हातारी बाई माझ्या ओट्यावर येऊन टेकली. पदराच्या गाठीतून तिने दुधाच्या चार चिठ्ठ्या काढल्या, माझ्यापुढे पसरल्या आणि विचारले, 'माझी म्हस गाय कवा झाली रं बाबा?'

मी चिठ्ठ्या पाहिल्या. फॅट सातच्या आसपास, म्हणजे दूध उघडउघड म्हशीचे; दर मात्र गाईचा. लिटरमागे सोळा रुपये कमी.

'केंद्रात विचारलंत का, मावशी?'

'इचारलं की. तर म्हणत्यात, मशीन चुकत नसतंय, तुमचंच दूध पातळ झालं आसंल. आरं, पातळ झालं तर फ्याट सात कशी लागंल? फ्याट म्हशीची अन् पैसं गाईचं!'

मावशी शाळेत गेलेली नव्हती. परंतु त्या दिवशी आमच्या दोघांत तर्कशास्त्र तिलाच जास्त येत होते.

केंद्रात येणारे बहुतेक दूध गाईंचे. म्हशीवाले सारे सहाजण, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. त्या सहांतल्या चौघांनी दर उतरला असेल असे समजून गप्प राहणे पसंत केले होते. मावशी भांडायला निघाली. आणि सहाव्याने, म्हैस आता परवडत नाही असा हिशेब करून, आदल्या शनिवारी ती काष्टीच्या बाजारात विकून टाकली होती.

मी त्याच संध्याकाळी केंद्रात जाऊन बसलो. दोष सापडायला रात्रीचे अकरा वाजले. तो माझाच होता, आणि तो होता एका चिन्हाचा. मी बरोबरीचे चिन्ह एकदा लिहायच्या जागी दोनदा लिहिले होते.

आता हे जरा समजावून सांगितले पाहिजे. दिवाळीच्या अंकात संगणकाचा विषय काढल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी; परंतु तो चकलीपेक्षा अवघड नाही. समजा, तुम्ही मुंबईच्या बहिणीला चकलीचे साहित्य एका डब्यात भरून पाठवले आणि वर कृतीची चिठ्ठी ठेवली: आधी हे करा, मग ते करा, घरात लोणी असेल तर घाला, नसेल तर तेलाचे मोहन चालेल. संगणकाचे प्रोग्रामही असेच डब्यातून, म्हणजे पॅकेजातून, जातात आणि त्यांच्याबरोबर अशीच बांधणीची चिठ्ठी असते. ही चिठ्ठी वाचून यंत्राकडून काम करून घेणारा जो मधला कारभारी, त्याला शेल म्हणतात. शेल अनेक आहेत आणि प्रत्येकाची बोली थोडी निराळी आहे. म्हणून चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत, ही चिठ्ठी कोणाकडून वाचून घ्यावी, त्याचे नाव लिहिण्याची रीत आहे.

माझ्या चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत नाव होते 'एसएच'. हे सर्वांत जुने आणि सर्वांत सामाईक नाव. ते लिहिणे म्हणजे असे जाहीर करणे की, या चिठ्ठीत सर्वांना समजणाऱ्या साध्या भाषेबाहेरचा एकही शब्द नाही. कोणाच्याही घरी न्या, वाचता येईल. आणि पुढे, म्हशीचा दरतक्ता हवा की नको ते तपासण्याच्या ओळीत, मी बरोबरीची दोन चिन्हे लिहिली होती. दोन चिन्हे ही 'बॅश' नावाच्या शेलची बोली. सामाईक भाषेत बरोबरीचे चिन्ह एकच.

माझ्या पुण्याच्या यंत्रावर 'एसएच' अशी हाक मारली की दार उघडी तो बॅश. जुन्या नावाने हाक मारली म्हणजे तो काही बाबतींत जुन्या रीतीने वागतो, हे खरे. पण आपली दोन चिन्हे त्याला तेव्हाही चालतात. म्हणून माझी चूक मला कधी दिसलीच नाही. त्या मुलाने बसवलेल्या यंत्रावर त्याच हाकेला ओ देणारा होता 'डॅश'. डॅश काटेकोर. त्याने दोन चिन्हे पाहिली, 'हे चिन्ह मला अनपेक्षित आहे' अशी एक ओळ पडद्यावर पुटपुटली, प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे धरले आणि तो पुढच्या कामाला लागला. बांधणीच्या वेळी पडद्यावरून शेकडो ओळी धावत असतात. त्यांत ती ओळ वाहून गेली. डबा भरला गेला, त्यात म्हशीचा तक्ता तेवढा पडला नाही. आणि तक्ता सापडला नाही की गाईचा वापरावा, ही सोयही मीच मागे कधीतरी करून ठेवली होती. बरोबरीची दोन चिन्हे लिहिली आणि बरोबरी तुटली.

नाव एक आणि वस्तू वेगळी, ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या माणसांना नवी नाही. दशमान वजने येण्यापूर्वी शेर हे माप सगळीकडे होते. पण गावोगावचा शेर निराळा. चाळीस शेरांचा मण म्हणावा, तर मुंबईचा जुना मण अठ्ठावीस पौंडांचा आणि रेल्वेचा बंगाली मण ब्याऐंशी पौंडांहूनही जास्त. 'चार शेर दिले' असे म्हणणारा खोटे बोलत नसे आणि 'मला कमी मिळाले' म्हणणाराही खोटे बोलत नसे. तरी दोघांत भांडण होई. १९५६ च्या कायद्याने हा घोळ मिटवायचे ठरले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो व मीटर आले. अलीकडे, २०२४ साली, आमच्या जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नाव बदलले, माती, माणसे आणि उसाचे फड तेच राहिले. 'एसएच'चे याच्या उलट घडले आहे. नाव तेच राहिले आणि त्या नावामागचा गडी यंत्रायंत्रांवर बदलत गेला.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. १९७९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर काढली. तिच्याबरोबर स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल आला; 'एसएच' हे नाव रूढ झाले ते मुख्यत्वे त्याच्यामुळे. मग त्याच घराण्यात डेव्हिड कॉर्न यांचा शेल आला. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी बॅश लिहिला. 'बोर्न अगेन' शेल असे त्याचे पूर्ण नाव. बोर्न हे आडनाव आणि पुनर्जन्म, असा त्यात श्लेष आहे. त्याच वर्षी केनेथ आल्मक्विस्ट यांचा सडपातळ शेल निघाला; डॅश हा त्याचा वंशज. प्रत्येकाने मूळ भाषेत आपापली भर घातली. शेवटी १९९२ साली पॉझिक्स नावाच्या प्रमाणात, या सर्वांनी निदान इतके तरी सारखे समजावे, अशी एक सामाईक भाषा नेमून दिली गेली. आज फेडोरा किंवा रेड हॅट यांच्या यंत्रावर 'एसएच' म्हणजे बॅश, डेबियन आणि उबुंटू यांच्यावर डॅश, अल्पाइन नावाच्या चिमुकल्या लिनक्सवर आणखी तिसराच. शेर एकच, माप गावचे.

पुण्यातला माझा एक जुना सहकारी आहे. त्याला ही सारी हकीकत मी फोनवर सांगितली. तो म्हणाला, 'अरे, ही चूक आहे. तू तिला पापाच्या रांगेत कशाला बसवतोस? तू काही मुद्दाम केलं नाहीस. तुझ्या मशीनवर चालत होतं ना? मग?'

त्याच्या या 'मग?'ने मला पुष्कळ दिवस छळले. एखाद्या माणसाने जाणूनबुजून खोटे सांगितले, तर त्याला दोष देणे सोपे असते. परंतु खरे आहे असे समजून सांगितलेले खोटे निघाले, तर दोष कितीसा? आपण दैनंदिन व्यवहारात अशा माणसाला सोडून देतो, आणि बहुधा ते योग्यच असते. पण पहिल्या ओळीत 'एसएच' लिहिणे म्हणजे नुसते मत सांगणे नव्हे. 'मला वाटते पाऊस पडेल' या वाक्याची आणि 'मी उद्या पैसे आणून देतो' या वाक्याची जात एक नाही. पहिले चुकले तर आपण हसतो. दुसरे चुकले तर आपण देणे लागतो. पहिली ओळ ही दुसऱ्या जातीची आहे. ती शब्द देते. कोणाला देते, ते मात्र लिहिणाऱ्याला माहीत नसते. आणि माझ्या मते सारा प्रश्न इथेच आहे.

समोरच्या माणसाला दिलेला शब्द आपण सहसा पाळतो, कारण तो समोर असतो. त्याच्या कपाळाला आठी पडली तर दिसते. समजले नाही तर तो विचारतो. उपरण्याखालच्या बोटांना म्हणूनच कोणतीही बोली चालते. परंतु बांधणीची चिठ्ठी ही बोटांची भाषा नव्हे, ती आबांची पावती आहे. ती वाचणारा तिथे नव्हता. त्याचे यंत्र कोणते, गाव कोणते, त्याला विचारण्यासारखे माणूस जवळ आहे की नाही, यांतले काही आपल्याला ठाऊक नसते. तो विचारू शकत नाही, म्हणूनच त्याच्या वतीने आपण विचारायचे असते.

आणि विचारणे महाग असते, तरी माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे मी मान्य केले असते. ते महाग नव्हते. डॅश माझ्या यंत्रावर बसवायला पाच मिनिटे लागली असती. चिठ्ठी वाचून तीतली बॅशची बोली हुडकून देणारे एक छोटे अवजार डेबियनच्या मंडळींनी केव्हाच तयार करून ठेवले आहे. नेटबीएसडी या प्रणालीच्या लोकांनी १९९७ साली पॅकेजे बांधण्याची एक व्यवस्था सुरू केली. ती अनेक जातींच्या यंत्रांवर चालते, म्हणून तिच्यात एक पहारेकरी ठेवला आहे. चिठ्ठ्या तपासताना बरोबरीची दोन चिन्हे दिसली की तो बांधणीच थांबवतो. म्हणजे माझी चूक इतकी सामान्य होती की जगाने तिच्यासाठी खास पहारा बसवला होता. मी त्या रस्त्याने गेलो नाही, एवढेच. अजाणता केलेल्या चुकीत जाणून घेण्याचा आळस किती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. मला माझा ठाऊक आहे.

तरीही दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाही. मी नगरी बोलीत वाढलेला माणूस. शाळेत 'कवा' म्हटल्याबद्दल मी छडी खाल्ली आहे. म्हणून प्रमाणभाषेचा कैवार घेणाऱ्यांकडे मी आजही जरा संशयाने पाहतो. शेलच्या जगातही 'बॅशिझम' असा एक शब्द आहे, आणि तो बहुधा नाक मुरडूनच उच्चारला जातो. आमचे गुरुजी 'ग्राम्य' म्हणत त्याच सुरात. वास्तविक बॅशच्या बोलीत गोडवा आहे. सामाईक भाषेत ज्याला पाच ओळी लागतात ते तिथे एका ओळीत होते. सामानाची यादी सरळ यादी म्हणून ठेवता येते. तुलना करताना अवतरणांची कसरत कमी पडते. या सोयी ज्यांनी केल्या त्यांनी लोकांचे कष्ट वाचवले. मग अनोळखी माणसासाठी आपण आपली समृद्ध बोली सोडून गरीब भाषेत का लिहावे?

माझे उत्तर असे की, सोडू नये. पहिल्या ओळीत सरळ 'बॅश' लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही. मग ज्या यंत्रावर बॅश नसेल तिथे चिठ्ठी दारातच थांबेल आणि 'मला वाचणारा इथे नाही' असे स्पष्ट सांगेल. तो मोकळा नकार झाला. त्या मुलाला असा नकार मिळाला असता तर त्याने मला फोन केला असता, आणि एका माणसाची म्हैस त्याच्या दावणीला राहिली असती. मी केले ते याहून वाईट. मी पाटी लावली सर्वांच्या भाषेची आणि आत बोललो माझ्या घरची बोली. दोष बोलीत नव्हता, पाटीत होता. डेबियनच्या नियमातही, ज्या सर्वत्र रुळल्या आहेत अशा प्रमाणाबाहेरच्या चार-दोन लकबींना मुभा दिलेली आहे. जी लकब चालेल ती नावानिशी लिहून ठेवली आहे, इतकेच. सहिष्णुता आणि अंधार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

सहकाऱ्याने आणखी एक मुद्दा काढला होता. 'सगळ्यांनीच बॅश घ्यावा की! भांडण मिटलं.' हे ऐकायला बरे वाटते. पण आमच्या शिवारात एकाच वाणाचा ऊस लावणाऱ्यांना विचारा. रोग आला की तो बांध पाहत नाही. २०१४ च्या सप्टेंबरात बॅशमध्ये एक मोठे भगदाड उघडकीस आले. ते १९८९ पासून, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, तिथेच होते आणि कोणाला दिसले नव्हते. ज्या यंत्रांवर 'एसएच'च्या दारात डॅश उभा होता, तिथे चोराची एक मोठी वाट आपोआप बंद राहिली. शिवाय लहान, अशक्त यंत्रांना बॅशचे ओझे पेलत नाही, त्यांनी काय करावे? सामाईक भाषा असते ती अशांसाठीच.

मात्र नियम पाळणाऱ्यानेही थोडे हळू चालावे असे मला वाटते. २००६ च्या ऑक्टोबरात उबुंटूने 'एसएच'च्या दारातून बॅशला हलवून डॅशला बसवले, कारण डॅशने यंत्र लवकर सुरू होते. त्यासरशी ठिकठिकाणच्या चिठ्ठ्या कोलमडल्या आणि लोक संतापले. 'काल चालत होतं, तुम्ही मोडलंत,' असे ते म्हणाले. वचन मोडले होते चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनी. पण ते मोडलेले आहे हे उघड झाले ते उबुंटूमुळे, म्हणून शिव्या उबुंटूला. डेबियनने तोच बदल केला तो २०११ साली, सहाव्या आवृत्तीत. आणि त्याआधी कित्येक वर्षे तिथल्या लोकांनी हजारो चिठ्ठ्या चाळून दुसऱ्यांच्या चुका निमूटपणे दुरुस्त केल्या. नियम दोघांच्याही बाजूला होता. तरी मनाला पटतो तो दुसऱ्याचा मार्ग, कारण त्यात बरोबर असण्यापेक्षा कोणाचे अडू नये याची काळजी जास्त दिसते. २०२३ साली डेबियनची जागतिक परिषद आपल्याकडे कोचीला भरली होती. ज्यांच्यासाठी या लोकांनी त्या चिठ्ठ्या चाळल्या त्यांत आपणही होतो, हे मला तेव्हा कळले असते तर मी कदाचित वेळीच सावध झालो असतो.

आता मावशीचे. केंद्राने म्हशीवाल्यांचा सारा फरक पुढच्या दसवड्याला दिला. चूक माझी, म्हणून त्यांतला भार मी उचलला. ही मेहेरबानी नव्हती, देणे होते. पैशांचा हिशेब त्यामुळे मिटला. म्हैस विकलेल्या माणसाकडे मात्र मला जाववेना. शेवटी गेलो. तो गोठ्यातल्या रिकाम्या जागेवर खाट टाकून बसला होता. मी सगळे सांगितले: दोन चिन्हे, एक चिन्ह, बॅश, डॅश. त्याला त्यांतले काय कळले कोण जाणे. 'चला, शनिवारी बाजारात जाऊ, दुसरी बघू, कमी पडतील ते मी घालतो,' असेही म्हणालो. त्याने मान हलवली. 'गेली ती गेली. चार वर्षं माझ्या हातची सवय व्हती तिला,' तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, 'तुमी काय मुद्दाम केलं नाय.'

हेच वाक्य माझ्या सहकाऱ्याने म्हटले होते आणि कित्येक रात्री मीही स्वतःला म्हटले होते. पण त्या गोठ्यात ऐकले तेव्हा ध्यानात आले की, त्याच्या तोंडी ती क्षमा होती. माझ्या तोंडी ती सबब होती. 'मी मुद्दाम केले नाही' हे म्हणण्याचा अधिकार बहुधा ज्याचे नुकसान झाले त्यालाच असतो. करणाऱ्याने म्हणायचे ते इतकेच, की पुढच्या वेळी मी विचारीन.

आता माझ्या टेबलावर दोन यंत्रे आहेत. एकावर बॅश, एकावर डॅश. कोणतीही चिठ्ठी बाहेर पाठवण्यापूर्वी मी ती दोन्हींवर वाचून घेतो. पडद्यावर पुटपुटलेली एखादी ओळ दिसली तर काम थांबवून ती वाचतो. आणि म्हशीचा तक्ता सापडला नाही तर माझा प्रोग्राम आता गाईचा घेत नाही. तो थांबतो आणि माणसाला हाक मारतो.

यंदा वसुबारसेला मी मावशीकडे गेलो होतो. दारात सडा घातला होता, पणती लावली होती आणि मावशी म्हशीच्या कपाळाला कुंकू लावीत होती. वसुबारस गाय-वासराची खरी. मी हसून तसे म्हटलेही. त्यावर मावशी म्हणाली, 'गाय आसती तर गाईला लावलं आसतं. दूध हीच देती नव्हं?' मग तिने पदराची गाठ सोडली, सकाळची चिठ्ठी काढली आणि पणतीच्या उजेडात माझ्यापुढे धरली.

'वाच बरं. म्हसच हाय ना?'

मी चष्मा लावला आणि शब्द न् शब्द वाचून दाखवला.